पिस्टनला मुलामा द्या, एम.ई. व्हा

इंजिनिअरिंगच्या एम.ई.च्या प्रबंधाला विषय सुचत नसेल तर घाबरू नका. कॉलेजच्या लॅबमध्ये ते पाण्यानं थंड होणारं, एका सिलिंडरचं 5.2 किलोवॅटचं इंजिन असतंच, बोअर (सिलिंडरचा व्यास) 87.5 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 110. डिझेलमध्ये वीस टक्के करंजाचं बायोडिझेल मिसळायचं, पिस्टनच्या माथ्यावर झिर्कोनियाचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिकचा, थर चढवायचा, झालं काम. आत कोंडलेल्या उष्णतेनं एफिशियन्सी वाढली, हे निष्कर्षात आजच लिहून टाका. रीडिंग नंतर घेता येतात.

पहिली काटकसर पावडरीत. झिर्कोनियात त्याची रचना स्थिर ठेवणारा सात-आठ टक्के यट्रिया हवा म्हणतात. कशाला? नुसता झिर्कोनिया थंड होताना स्फटिकरचना बदलतो, चारेक टक्के फुगतो आणि थराला भेगा पडतात, एवढंच ना! खालचा शंभरेक मायक्रॉनचा बाँड कोट, म्हणजे धातू आणि सिरॅमिक जोडणारा थर, तोही गाळा. तापल्यावर ॲल्युमिनियम झिर्कोनियाच्या जवळपास दुप्पट पसरतं. या जोडप्याचं जमवायला मध्ये कुणीतरी लागतं खरं, पण त्याचे पैसे गाईड देणार आहेत का? ग्रिट ब्लास्टिंग (कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करणं) झालं की खरखरीतपणा तेलकट बोटानं चाचपून बघा. बाउलची, म्हणजे पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्याची, कड गोल करू नका. धारदार ठेवली की कपची नेमकी तिथूनच उडते, शोधाशोध वाचते.

आता खरी मेख. थर 0.3 मिलिमीटरचा असेल तर आधी तेवढाच माथा लेथवर उतरवून घ्या, असं वर्कशॉपमधले जुने टर्नर सांगतील. ऐकू नका. 661 सीसीच्या या इंजिनात 17.5 कॉम्प्रेशन रेशोला (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) पिस्टनच्या वर मोकळी जागा उरते ती जेमतेम 40 सीसी. त्यातले 1.8 सीसी थरानं खाल्ले की रेशो 18.3 च्या आसपास जातो. त्यानं एफिशियन्सी जरा वर सरकते. श्रेय मात्र सिरॅमिकला द्या.

इंधन मोजायला ब्युरेट आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे. पूर्ण लोडवर 10 सीसी साधारण 23 सेकंदांत संपतं. बोट अर्धा सेकंद उशिरा पडलं की दोन टक्के फायदा पदरात. एवढ्यानं भागलं नाही तर मिश्रणालाही डिझेलचीच 0.83 घनता लावा. बी-20 ची, म्हणजे आपल्या वीस टक्के मिश्रणाची, 0.84 भरते, म्हणजे आणखी एक टक्का सुटला. आणि प्रत्येक लोडला रीडिंग एकच. तीन घेतली तर ती आपसात भांडतात, मग आलेखावर एरर बार (रीडिंगमधला फरक दाखवणाऱ्या रेघा) काढावे लागतात आणि तुमची सगळी वाढ त्या बारच्या पोटात मावते.

भिंती तापल्या की आत येणारी हवा विरळ होते, नायट्रोजन ऑक्साइड चढतात. तो आलेख परिशिष्टात. वाचवलेली बरीचशी उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते आणि एक्झॉस्टवर फिरणारा टर्बो नसल्यानं तिला अडवणारं कुणी नसतं. एक्झॉस्टचं तापमान मोजणारा थर्मोकपल ‘नादुरुस्त’ म्हणून नोंदवा.

इंजिन दोन तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, हे पथ्य कडक पाळा. तापणं-निवणं चालू राहिलं की कडेचा पापुद्रा सुटतो, रिंग आणि लायनरच्या मध्ये शिरतो आणि पॉलिश पेपरसारखा घासतो. ऑइल काढताना तळाशी पांढरी कणी दिसली तर डबा लगेच झाकून घ्या. व्हायवाच्या दिवशी पिस्टन काचेच्या कपाटात मांडा, टवका उडालेली बाजू भिंतीकडे.