डाव रात्रीपुरता थांबवणं ही कल्पना नाही, नियम होता

'द क्वीन्स गॅम्बिट' या बुद्धिबळावरच्या मालिकेच्या शेवटच्या भागात डाव रात्रभर थांबतो, ती 'लेखकाने ताण वाढवायला केलेली सोय', असं या मालिकेवरच्या एका लेखात म्हटलंय. हे चूक आहे. 1960च्या दशकात मोठ्या स्पर्धांत प्रत्येक खेळाडूला साधारण 40 चालींना अडीच तास असत आणि सत्र संपलं की डाव दुसऱ्या दिवसावर जाई. ज्याची पाळी, तो पटावर चाल न करता ती कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करी. पंच लिफाफ्यावर पटाची स्थिती आणि दोघांचे घड्याळातले वेळ नोंदवत. लिहिलेली चाल नियमबाह्य किंवा संदिग्ध निघाली, की डाव हरला! म्हणजे घोडा दोन घरांवर जाऊ शकत असताना नुसतं 'घोडा' लिहून भागत नसे.

डाव थांबलेला असताना नायिकेला तिच्या मित्रांनी फोनवर विश्लेषण कळवणंही म्हणूनच पटतं. समोरच्याची बंद चाल माहीत नसल्याने चार-पाच शक्यता धरून प्रत्येकीचं उत्तर तयार ठेवावं लागे. संगणक तगडे झाल्यावर 1990च्या दशकात ही पद्धत मागे पडली. खटकायचंच असेल तर मालिकेतल्या खेळाडूंचा वेग खटकावा; इतक्या भराभर चाली त्या वेळमर्यादेत कोण करतं?