आमच्या गल्लीतली दुकानं मॉलनं नाही मारली

सोलापूरच्या जुन्या दुकानांचा विषय निघाला की हमखास एकच सूर ऐकू येतो, मॉल आले, ऑनलाइन आलं आणि छोटी दुकानं गेली. मला हे पटत नाही. निदान आमच्या साखर पेठेतल्या गल्लीपुरतं तरी मी छातीठोकपणे सांगतो, आमची दुकानं त्याच्या कितीतरी आधी मरायला लागली होती, तेव्हा मोबाईल कुणाच्या खिशात नव्हता. ती मेली कारण मिलचा पगार थांबला. दुकान गिऱ्हाइकावर चालतं असं आपण म्हणतो, पण आमची दुकानं उधारीवर चालायची आणि उधारी पगारावर.

गल्लीच्या तोंडाला अण्णांचं किराणा, त्याला लागून पिठाची गिरणी, मग तासावर सायकली देणारा, मग रेडिओ दुरुस्ती जिथं मॅच असली की उभं राहायला जागा नसायची, पुढं लाकडाची वखार, एक टेलर, कापूस पिंजून गाद्या भरून देणारे चाचा, आणि पार टोकाला मागावर नक्षी विणायला लागणारी जकार्डची कार्डं पंच करून देणारं दुकान. यातली आज फक्त गिरणी चालू आहे.

त्या टोकाच्या दुकानाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण असलं दुकान पुण्या-मुंबईच्या माणसानं बघितलेलंच नसतं. सोलापुरी चादरीवर जो मोर असतो, फुलं असतात, ती मागावर आपोआप येत नाहीत. आधी एक कलाकार चौकटीच्या कागदावर ते डिझाईन रंगवायचा, एकेक बारीक चौकोन ब्रशनं भरत. मग त्या कागदातली एकेक ओळ वाचून पुठ्ठ्याच्या लांबट कार्डावर भोकं पाडायची. आडव्या एका धाग्याला एक कार्ड. अशी शेकडो कार्डं दोरीनं एकापुढं एक ओवली की त्यांची माळ मागाच्या वर चढायची आणि भोक आहे तिथं एक धागा उचलला जायचा, नाही तिथं खाली राहायचा. मोराच्या तुऱ्यातलं एक भोक चुकलं की ती चूक त्या मागावरच्या प्रत्येक चादरीत उतरणार. म्हणून ते दुकानदार काका काम चालू असताना कुणाशी बोलायचे नाहीत, आम्ही पोरं दारात उभं राहून ठकठक ऐकायचो, पडलेल्या पुठ्ठ्याच्या टिकल्या गोळा करायचो. एवढ्या कसबाचा माणूस, पण त्यांना कलाकार म्हणून कुणी हार घातलेला मी बघितला नाही आणि याचं मला आजही वाईट वाटतं. पुढं डिझाईन कॉम्प्युटरवर गेलं, चादरीचे माग कमी झाले, बरेच कारखानदार टॉवेलकडं वळले, वर बाहेरच्या स्वस्त चादरी सोलापुरी म्हणून बाजारात आल्या. दुकानाला कुलूप लागलं.

आता अण्णांकडं येतो. अण्णा कन्नड बोलणारे, गिऱ्हाईक निम्मं तेलुगू, वही मराठीत. लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही, दिवाळीच्या पाडव्याला नवीन निघायची, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक. आत प्रत्येक घराचं एक पान, पण वर आडनाव क्वचितच. विडीवाली अक्का, वरचे मास्तर, पिंपळाजवळची आज्जी, असं लिहिलेलं असायचं. खाली तारीख, तेल पावशेर, साखर अर्धा, चहा पुडी. पैसे आले की तिरकी रेघ. आई मला पाठवायची, मी फक्त म्हणायचं, ‘लिवून ठेवा की ओ अण्णा, पगार झाला की देताव.’ ते मान हलवायचे, बास. ना सही, ना जामीन, ना आधार कार्ड. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत घरोघरी पाहुणे असायचे, तेव्हा पान महिना संपायच्या आतच भरायचं आणि मागच्या बाजूला सुरू व्हायचं.

अण्णा काही देव नव्हते. रोखीच्या दुकानापेक्षा भाव थोडा चढा असायचा, आईला ते पक्कं माहीत होतं, पण अडीअडचणीला कोण उभं राहतंय हेसुद्धा माहीत होतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या घरातच आहे. आमचे आज्जा जुन्या मिलमध्ये होते, म्हणजे १८७७ ला सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून मिलचा कारभार हातात घेतला, त्याविरुद्ध एक भागधारक सुप्रीम कोर्टात गेला आणि डिसेंबर १९५० मध्ये हरला. चिरंजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार, वकिलीची पोरं अजून हा खटला शिकतात. पण मिल बंद असताना कामगाराच्या घरात चूल कशी पेटत होती ते त्या निकालात कुठं सापडणार नाही. आज्जा सांगायचे, अण्णांच्या वडिलांनी त्या काळात एकाही घराचं धान्य तोडलं नाही, ज्वारी कमी दिली पण दिली, आणि मिल चालू झाल्यावर आज्जांनी ते सगळं थोडंथोडं करून फेडलं. का दिली त्यांनी? चांगुलपणा होताच, पण मिल आज ना उद्या चालू होणार, भोंगा वाजणार, हा भरवसासुद्धा होता.

नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली तेव्हा हा भरवसाच गेला. आधी लोक म्हणायचे दिवाळीनंतर चालू होईल, मग संक्रांतीनंतर, मग कुणी म्हणायचंच बंद झालं. अण्णांनी सवयीनं उधारी चालू ठेवली. गिऱ्हाइकाच्या दारात तगाद्याला ते कधी गेले नाहीत, पण त्यांना माल देणारा घाऊक व्यापारी त्यांच्या दारात बसायचा. मग डबे रिकामे दिसायला लागले, तेल संपलं तर आठवडा आठवडा यायचं नाही. ज्यांच्याकडं रोख पैसा होता ते दुसऱ्या दुकानात जायला लागले आणि अण्णांकडं राहिली ती फक्त वहीवरची माणसं. दुकान खरं तिथंच मेलं, शटर पडलं कितीतरी वर्षांनी. त्यातच गल्लीतली तरणी पोरं पुण्याला गेली, काही भिवंडीला, सुरतेला. मग सायकल भाड्यानं कोण घेणार, कपडे कोण शिवणार, गादी कोण भरणार?

आणि मला जे खरं बोलायचंय ते हे आहे की उधारीची गरज कुठं गेली नाही. आजही गल्लीत बायका उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात, आजही पैसे हातात यायच्या आधी घरातलं पीठ संपतं. फरक एवढाच की आता अण्णा नाहीत, गटाचं कर्ज आहे. ठरलेल्या दिवशी वसुलीवाला येतो, बायका गोल करून बसतात, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, व्याज वेगळं. आजारपण असो, घरात मयत होवो, हप्ता म्हणजे हप्ता. एका बाईनं एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज काढलेलं मी स्वतः बघितलंय. अण्णा पुढच्या महिन्यावर ढकलायचे, कारण त्यांना त्या घरात कोण आजारी आहे हे माहीत असायचं. बँका, पतसंस्था, सरकार कुणालाच हे जमलेलं नाही आणि आपण मात्र जुन्या पाट्यांचे, बरण्यांचे फोटो टाकून गोड गोड आठवणी काढत बसतो, याचा मला राग येतो. त्या दुकानांनी गरिबाच्या घराला जो टेकू दिला त्याबद्दल बोला ना कधीतरी!

म्हणून एक विनंती. सोलापुरात ज्यांच्या घरी किराणा दुकान होतं त्यांनी माळ्यावरच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका. कामगाराच्या घरात महिन्याला तेल किती लागायचं, संपात साखर कधी बंद झाली, लग्नाला उधारी किती वाढली, सगळं तारखेनिशी त्यात आहे. आपल्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या पोरांनी यावर काम करायला पाहिजे, लोकांची नावं झाकून करा पण करा. अण्णांच्या पोरानं काही वह्या कपाटात सांभाळून ठेवल्यात, तो दाखवायला तयार आहे, कुणाला मनापासून अभ्यास करायचा असेल तर मला सांगा, मी गाठ घालून देतो.