डॉक्टर व्हायचंय ना, मग अकरावी-बारावी खऱ्या कॉलेजात होऊ द्या

दहावीचा निकाल लागला की माझ्या फोनला उसंत नसते. नात्यातले, सोसायटीतले, जुन्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचे, सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच: "मॅडम, मुलीला मेडिकलला घालायचंय. इंटिग्रेटेडला टाकू का?" इंटिग्रेटेड म्हणजे कॉलेज आणि क्लास यांचं टाय-अप असलेला कोर्स. एकेकाला सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी शिकवते. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेतून पार पडलेली मुलं सगळ्यांत आधी आमच्याच हाती येतात. त्या अनुभवावरून माझं मत ठाम आहे. अकरावी-बारावी अशा कॉलेजात करा, जिथे रोज जावं लागतं, तास होतात आणि प्रॅक्टिकलं खरोखर होतात. डमी अ‍ॅडमिशनच्या वाटेला जाऊ नका.

हा प्रकार कसा चालतो ते बहुतेकांना माहीत आहे, तरी लिहिते. नाव एका ज्युनिअर कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासच्या इमारतीत. कॉलेजचं तोंड दिसतं ते फॉर्म भरताना आणि बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षेला. जर्नल शेवटच्या पंधरवड्यात एकमेकांचं बघून उतरवलं जातं, त्यावर सह्या होतात आणि प्रत्येक विषयाचे ३० पैकी ३० च्या आसपास गुण पडतात. राज्य सरकारने २०१८ मध्ये मोठ्या शहरांच्या विभागांत सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली ती यामुळेच. सीबीएसईनेही काही डमी शाळांची मान्यता काढून घेतलेली आहे. पण पालकांनाच हे हवं असेल तर कुठलंही मशीन काय करणार?

आता माझ्या लॅबमधलं सांगते. पहिल्या वर्षाला आमच्याकडे रक्ताची प्रॅक्टिकलं असतात. स्वतःच्या बोटाला सुई टोचायची, पिपेटमध्ये ०.५ च्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं, मग १०१ च्या खुणेपर्यंत द्राव घ्यायचा, नीट मिसळायचं, न्यूबॉअर चेंबरवर (पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेवर) थेंब सोडायचा आणि मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी मोजायच्या. प्रत्येक बॅचमध्ये उत्तम गुण घेऊन आलेली अशी मुलं असतात, ज्यांचा मायक्रोस्कोपला त्या दिवशी पहिल्यांदा हात लागलेला असतो. लो पॉवरवर आधी फोकस करायचं असतं हे त्यांनी वाचलेलं असतं, केलेलं नसतं. थेट हाय पॉवरची लेन्स लावतात, मोठा स्क्रू फिरवत राहतात, लेन्स कव्हरस्लिपवर टेकते आणि काच तडकते. मग घाबरून माझ्याकडे बघतात. तांबड्या पेशीचं आयुष्य १२० दिवस, तिचा आकार, तिच्यात केंद्रक नसतं, सगळं तोंडपाठ. पण समोर दिसतेय ती पेशी, धुळीचा कण की हवेचा बुडबुडा, हे सांगता येत नाही.

हे मात्र ती शिकतात. हुशार असतात, दोन-तीन महिन्यांत हात बसतो. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मोजायला सांगितलं की काही जण आधी विचारतात, "मॅडम, किती यायला पाहिजे?" आणि मग तेवढंच आलं असं लिहून मोकळे होतात. दोन वर्षं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चार पर्यायांत छापलेलं बघितलेल्या मुलांकडून आणखी काय होणार? पण उद्या वॉर्डात रात्री दोन वाजता याच मुलांना पेशंटचं बीपी घ्यायचं आहे. तिथे जे आलं तेच लिहावं लागतं, मग ते आदल्या नोंदीशी जुळो न जुळो.

ही सवय बारावीच्या साध्या लॅबमध्ये लागते. टायट्रेशन करताना एका थेंबाने रंग पालटतो, तो थेंब चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तीन रीडिंग जुळली नाहीत तर सर विचारतात, का जुळली नाहीत? कांद्याच्या मुळाचं टोक कापून, रंगवून, काचेखाली अलगद दाबून पेशीविभाजन शोधायचं असतं, आणि पुस्तकातल्यासारखं चित्र पहिल्या स्लाइडला कधीच दिसत नाही. शोधत बसावं लागतं. सोळा-सतराव्या वर्षी हे केलेल्या मुलाचं निरीक्षण वेगळंच असतं. माझ्या वर्गात दोन्ही वाटांनी आलेली मुलं बसतात. नीटच्या गुणांवरून ती वेगळी ओळखता येत नाहीत. लॅबमध्ये लगेच ओळखू येतात.

"पण मॅडम, आधी सीट तर मिळाली पाहिजे ना?" अगदी बरोबर. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांवर मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा एक लाखापेक्षा थोड्याच जास्त. त्यातल्या जवळपास निम्म्या सरकारी. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक गुण वजा, आणि त्यात एकट्या बायोलॉजीचे ३६०. तयारी जीव तोडून करावीच लागते. म्हणून क्लास लावू नका असं मी म्हणत नाही. संध्याकाळचा चांगला क्लास लावा, रविवारची टेस्ट सिरीज लावा, ओएमआर शीट भरायचा सराव करा, एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न ओळ वाचा (ती त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, त्यासाठी जाड मॉड्यूलांचे गठ्ठे लागत नाहीत). कॉलेज सकाळचं असेल तर या सगळ्याला वेळ उरतो. सोळा वर्षांचं मूल एका खोलीत रोज दहा-बारा तास बसवलं म्हणजे ते दहा-बारा तास शिकतं, हे मला एक शिक्षक म्हणून कधीच पटलेलं नाही.

लातूर पॅटर्नचा, म्हणजे लातूरच्या कॉलेजांनी रुळवलेल्या तयारीच्या पद्धतीचा, दाखला मला नेहमी दिला जातो. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारखे प्राचार्य, तिथून हे नाव पुढे आलं. पण तेव्हा तिथे काय होतं? कॉलेजचेच प्राध्यापक, कॉलेजच्याच वर्गात, तासाच्या आधी आणि नंतर जादा शिकवत होते, सतत चाचण्या घेत होते, पेपर तपासून मुलाला समोर बसवून चुका दाखवत होते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची मुलं त्या बळावर पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीला आली, याचा मला मनापासून अभिमान आहे. कॉलेज नीट चालवलं तर काय होतं त्याचं ते उदाहरण आहे. त्याच्या नावावर कॉलेजच टाळायचं, हे त्या माणसांच्या कष्टांवर अन्याय करणारं आहे. आज लातूरला खोली करून, मेसचे डबे आणून, एक पालक तिथे आणि एक गावी अशा दोन चुली चालवणारी घरं मी जवळून बघितली आहेत. ती माणसं पोटाला चिमटा काढतात. निदान त्यांच्या पैशाच्या बदल्यात मुलाला लॅब उघडी मिळावी.

राजस्थानातल्या कोटा शहरात क्लाससाठी पाठवायचा विचार असेल तर एक नियम आधी समजून घ्या. दरवर्षी कोणी ना कोणी यात अडकतं. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यात जातात, बाकी ८५ टक्के राज्याच्या. महाराष्ट्राच्या या ८५ टक्क्यांसाठी नुसतं डोमिसाइल पुरत नाही. काही अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, तिची कागदपत्रं आधीपासून गोळा करा. राजस्थानातून बारावी केली की घरच्या जागांवर पाणी सोडावं लागतं. म्हणूनच कोट्याला गेलेली बरीच मुलं इकडे कुठेतरी डमी नाव लावतात, आणि आपण फिरून तिथेच येतो.

शाळेबद्दलही विचारतात. सहावीपासून नीट फाउंडेशन लावावं का, सीबीएसई घ्यावं की स्टेट बोर्ड. माझ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मुलं आहेत, सेमी-इंग्रजीतली आहेत, आयसीएसईची आहेत. दहावीपर्यंतच्या बोर्डाने फारसा फरक पडलेला मला दिसत नाही. गणित पक्कं असावं, मूल पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही वाचत असावं आणि इंग्रजी परिच्छेद स्वतः वाचून समजून घेता यावा. फाउंडेशनचे पैसे वाचवा. आणि अकरावीला बायोलॉजीबरोबर गणितही घ्या. फिजिक्सला त्याचा आधार होतो, आणि मुलाचं मन बदललं तर दुसरी दारं उघडी राहतात. सोळाव्या वर्षी मन बदलायचा मुलाला हक्क आहे, हे आपण फार सहज विसरतो.

घरात आणखी एक बोलणं व्हायला हवं, ते बहुतेक घरांत होतच नाही. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेजातून झालं तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा, मग नीट-पीजी ही पुढची प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षं एमडी किंवा एमएस. म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहायला तिशी उजाडते. सरकारी सीट हुकली तर खासगी किंवा अभिमत विद्यापीठाची फी परवडणार आहे का, नसेल तर रिपीट एकदाच करायचं की आणखी, हे आकडे मांडून मुलासमोर ठेवा. परदेशातून एमबीबीएस केलं तर परत येऊन एफएमजीई ही इथे प्रॅक्टिस करण्यासाठीची पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यात बहुतेक वेळा निम्म्याहूनही कमी मुलं पास होतात, हेही एजंटच्या माहितीपत्रकाआधी घरात कळू द्या. आणि बीपीटीएच (फिजिओथेरपी), नर्सिंग, बीएएमएस (आयुर्वेद) ही नावं घरात पराभवासारखी उच्चारू नका. वॉर्ड या सगळ्यांच्या जिवावर चालतो.

आता प्रवेश चालू आहेत. पसंतीक्रम भरण्याआधी त्या कॉलेजात एकदा स्वतः जा, मुलाला घेऊन जा. प्रॅक्टिकलच्या वेळेला जा. प्राचार्यांना विचारा: क्लासशी टाय-अप आहे का, बायोलॉजीची बॅच किती मुलांची, आठवड्याला प्रॅक्टिकल किती, मायक्रोस्कोप किती चालू आहेत, गेल्या वर्षीची जर्नलं दाखवता का. जे खरंच शिकवतात त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही, ते हौसेने लॅब दाखवतात. टाळाटाळ झाली, किंवा "हजेरीचं टेन्शन घेऊ नका" असं कोणी आपणहून म्हणालं, तर यादीतलं पुढचं कॉलेज बघा.