मंगळावरची खनिजे ‘फोटो पाहून’ ओळखतात का?

सध्या फिरत असलेल्या एका मजकुरात तीन विधाने आहेत: मंगळावरील खनिजांची नावे छायाचित्रांतील रंगावरून ठरवतात, तिथली यंत्रे फार तर मूलद्रव्ये ओळखतात, आणि दगड पृथ्वीवर आणल्याखेरीज खात्रीने काहीच सांगता येत नाही.

पहिले विधान चटकन निकालात निघते. ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरलेली नासाची ‘क्युरिऑसिटी’ ही बग्गी खडकात भोक पाडते, निघालेली भुकटी चाळते आणि पोटातल्या यंत्रांत टाकते. मंगळाभोवती फिरणारी याने दुरून खनिजे हेरतात हे खरे, पण तीसुद्धा परावर्तित अवरक्त प्रकाशाचा वर्णपट तपासून, डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून नव्हे.

दुसऱ्या विधानात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. बग्गीवरील लेसरचे ‘केमकॅम’ हे उपकरण मुख्यतः मूलद्रव्येच सांगते. परंतु खनिज म्हणजे नुसती मूलद्रव्यांची यादी नव्हे, तर अणूंची ठरावीक मांडणी. क्वार्ट्झ, क्रिस्टोबलाइट आणि ट्रिडिमाइट या तिघांचे रासायनिक सूत्र एकच, सिलिका. फरक फक्त रचनेचा. हा फरक ओळखण्यासाठीच ‘केमिन’ हे यंत्र आहे. कोबाल्टच्या नळीतून निघालेले क्ष-किरण भुकटीतून जाताना स्फटिकांतील अणूंच्या थरांमुळे ठरावीक कोनांतच वळतात, आणि त्या कोनांवरून खनिजाची ओळख पटते. २०१५ मध्ये ‘बकस्किन’ नावाच्या खडकाच्या भुकटीत याच पद्धतीने ट्रिडिमाइट सापडले, तेव्हा खुद्द संशोधकच चकित झाले, कारण पृथ्वीवर ते सहसा सिलिकाबहुल, अतितप्त ज्वालामुखी खडकांत आढळते. रंग पाहून अंदाज बांधणाऱ्याने हे नाव घेतलेच नसते.

तिसऱ्या विधानाला उत्तर ‘क्युरिऑसिटी’ने २०१३ मध्ये तपासलेल्या ‘जॉन क्लाइन’ नावाच्या खडकाच्या नमुन्याचे. त्या पंकाश्मात, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात, सुमारे २० टक्के चिकणमातीची खनिजे मिळाली आणि ती स्मेक्टाइट गटातली निघाली. (आपल्याकडच्या बेसॉल्टपासून बनलेल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पाडणारी खनिजेही याच गटातली.) अशी माती तयार व्हायला पाणी लागते, आणि हा निष्कर्ष एकही खडा पृथ्वीवर न आणता निघाला.

अर्थात ‘केमिन’लाही मर्यादा आहे: नमुन्यातला जो भाग स्फटिकरूप नसतो, त्याची रचना विवर्तनातून, म्हणजे क्ष-किरणांच्या अशा वळण्यातून, स्पष्ट होत नाही. शिवाय २०२१ मध्ये मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरलेल्या नासाच्या ‘पर्सिव्हिरन्स’ या बग्गीवर ‘केमिन’सारखे यंत्रच नाही. तिने कुपींत भरून ठेवलेल्या नमुन्यांपुरता ‘पृथ्वीवर आणा’ हा आग्रह मात्र रास्त आहे.