ब्रूटसला गद्दार म्हणण्याआधी नाटक वाचा

पक्षांतराची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. सीझरला शत्रू हरवू शकले नाहीत. सत्तेच्या लोभापायी त्याचा जिवलग मित्र ब्रूटस याने त्याच्या पाठीत खंजीर खुपसला. 'ब्रूटस, तूसुद्धा?' एवढं बोलून सीझरने प्राण सोडला. मार्क अँटनी तेवढा शेवटपर्यंत निष्ठावंत राहिला. म्हणून अँटनी व्हा, ब्रूटस होऊ नका.

ही सगळी कथा आपल्यापर्यंत आली ती शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मुळे. 1599 साली लंडनच्या रंगभूमीवर आलेलं हे नाटक ज्याने एकदा तरी सलग वाचलंय, त्याला हा मजकूर पुढे ढकलताना हात आखडता घ्यावासा वाटेल. कारण निष्ठा म्हणजे एका माणसाच्या पाठीशी उभं राहणं, हे मजकूर गृहीत धरतो. नाटकात वाद आहे तो नेमका त्यावरच.

आधी ते शेवटचे शब्द. 15 मार्च, इ.स.पू. 44 रोजी सीझर मारला गेला. सेनेट त्या दिवशी पाँपीच्या, म्हणजे सीझरच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, नाट्यगृहाला जोडलेल्या सभागृहात भरली होती. अंगावर 23 जखमा झाल्या. दीडशेहून अधिक वर्षांनी सीझरचं चरित्र लिहिणारा स्वीटोनियस सांगतो की पहिल्या वाराला एक कण्हणं सोडलं तर तो काही बोलला नाही. काहींच्या मते मात्र ब्रूटसला पाहून तो ग्रीकमध्ये 'बाळा, तूसुद्धा?' असं म्हणाला. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की ब्रूटस दिसताच त्याने डोक्यावरून वस्त्र ओढून घेतलं. 'एत तू, ब्रूते?' हे प्रसिद्ध लॅटिन वाक्य रंगभूमीचं आहे. शिवाय नाटकात सीझर त्यापुढे आणखी काही बोलतो: 'मग सीझर, आता पड.' मजकुरात हे वाक्य कधीच नसतं.

पाठीतला खंजीरही ब्रूटसचा नाही. नाटकात पहिला वार कटातल्या कास्काचा. तो मागून, मानेवर झाला, याचा उल्लेख पुढे रणांगणावर अँटनी स्वतः संतापाने करतो. ब्रूटसचा हात सगळ्यांत शेवटी उठतो.

'जिवलग मित्र' हा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे. नाटकातल्या ब्रूटसचं सीझरवर प्रेम आहे, ते तो भर चौकात कबूल करतो. पण इतिहासातला मार्कस ब्रूटस इ.स.पू. 48 मध्ये फार्सालसच्या लढाईत सीझरच्या विरुद्ध बाजूला होता, पाँपीकडे. आणि पाँपीनेच त्याच्या वडिलांना ठार करवलं होतं. घरचं वैर बाजूला ठेवून तो तिकडे गेला, कारण प्रजासत्ताकाची बाजू त्याला तिथे दिसली. सीझरने नंतर त्याला माफ केलं, पदं दिली.

ज्याला खरोखर घरचा माणूस म्हणावं असा दुसराच ब्रूटस त्या कटात होता: डेसिमस. गॉलच्या मोहिमेत सीझरच्या हाताखाली लढलेला, त्याच्या मृत्युपत्रात दुय्यम वारस म्हणून नाव असलेला. त्या दिवशी घरीच थांबायचं ठरवलेल्या सीझरला सेनेटमध्ये घेऊन गेला तो हाच. शेक्सपिअरने त्याचं नाव डेशियस केलं आणि त्याला एक जबरदस्त प्रसंग दिला. कॅल्पर्नियाला स्वप्न पडलंय: सीझरच्या पुतळ्यातून शंभर धारांनी रक्त उसळतंय आणि रोमन लोक हसत हसत त्यात हात बुडवताहेत. ती नवऱ्याला बाहेर जाऊ देत नाही. डेशियस शांतपणे म्हणतो, अर्थ चुकीचा लावलात. रोमला तुमच्या रक्तातून नवं जीवन मिळणार, असं ते स्वप्न सांगतंय. मग हळूच पुढचं: आज सेनेट तुम्हाला मुकुट देणार आहे, आला नाहीत तर त्यांचं मन बदलेल. वर टोमणा, की कुणी म्हणेल, सीझरच्या बायकोला चांगलं स्वप्न पडेपर्यंत सभा तहकूब करा! सीझर लगेच झगा मागवतो, आणि आलेल्या सगळ्या मंडळींना आत बोलावून वाइन देऊ करतो. विश्वासघात म्हणजे काय, हे दाखवायला या नाटकात याहून चांगलं पान नाही. त्या पानावर गळ टाकणारा डेशियस आहे.

आता सत्तेचा लोभ. दुसऱ्या अंकात ब्रूटस रात्री बागेत एकटा विचार करतो. सीझरवर माझा व्यक्तिगत राग काहीच नाही, हे त्याचं पहिलं म्हणणं. सीझरच्या भावना त्याच्या बुद्धीवर कधी स्वार झालेल्या मी पाहिल्या नाहीत, हेही तो मान्य करतो. मग मारायचं का? तर मुकुट मिळाल्यावर तो बदलेल म्हणून. सापाचं अंडं फुटण्याआधीच चिरडावं, हा त्याचा युक्तिवाद. ब्रूटसचा गुन्हा इथे आहे आणि तो मोठा आहे: जे अजून घडलेलंच नाही त्याची शिक्षा तो जिवंत माणसाला देतो, आणि आपला हेतू शुद्ध आहे म्हणजे कृत्यही शुद्ध झालं असं मानतो. कटाचा सूत्रधार कॅशियस याने वेगवेगळ्या अक्षरांत लिहून घरात टाकलेल्या चिठ्ठ्या त्याला जनतेची हाक वाटतात. हा आंधळेपणा आहे. लोभ नव्हे.

ब्रूटसला धुतल्या तांदळासारखा ठरवायचा माझा अजिबात हेतू नाही. सायप्रसमधल्या सलामिस शहराला त्याचे पैसे 48 टक्के व्याजाने दिलेले होते, हे त्या काळचा वक्ता आणि राजकारणी सिसेरो याच्या पत्रांतून समोर येतं. सीझरच्या खुनानंतर त्याने पाडलेल्या नाण्यावर एका बाजूला दोन खंजिरांमध्ये स्वातंत्र्याची टोपी आहे. दुसऱ्या बाजूला त्याचा स्वतःचाच चेहरा. जिवंतपणी आपला चेहरा रोमन नाण्यांवर आणल्याबद्दल सीझरवर टीका होते, आणि दोनच वर्षांत प्रजासत्ताकाचा कैवारी तेच करतो. ब्रूटसवर टीका करायचीच तर असा मालमसाला भरपूर आहे.

आणि अँटनी. त्याचं सीझरवर प्रेम होतं, यात शंका नाही. प्रेतापाशी एकटा असताना तो जे बोलतो ते कुणाला ऐकवण्यासाठी नसतं. पण चौकात येताच ते दुःख त्याच्या हातातलं हत्यार होतं. 'ब्रूटस सन्माननीय माणूस आहे' हे वाक्य तो इतक्यांदा म्हणतो की गर्दीला ती शिवी वाटू लागते. मग मृत्युपत्र बाहेर काढतो: प्रत्येक रोमन नागरिकाला 75 द्राख्मा, आणि टायबरच्या काठची उद्यानं सगळ्यांसाठी खुली. गर्दी पेटते. सिना नावाच्या एका कवीला, केवळ कटवाल्याशी नाव जुळतं म्हणून, रस्त्यात फाडून काढते.

पुढचाच प्रसंग मजकूर लिहिणाऱ्याने वाचलेला दिसत नाही. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला अँटनी, सीझरचा वारस ऑक्टेव्हियस आणि त्यांचा साथीदार लेपिडस टेबलाशी बसून मारायच्या माणसांच्या नावांवर खुणा करताहेत. लेपिडस भावाला मारायला तयार होतो, अट एवढीच की अँटनीचा भाचाही जिवंत राहू नये. अँटनी एका ठिपक्यात भाच्याचा निकाल लावतो. मग लेपिडसला सांगतो: सीझरच्या घरी जा, मृत्युपत्र घेऊन ये, त्यातल्या देण्यांना कात्री कशी लावता येईल ते बघू. ज्या कागदावर त्याने रोम रडवलं, तोच हा कागद. आणि लेपिडसची पाठ वळताच त्याला ओझ्याचं गाढव म्हणतो. याला निष्ठा म्हणायचं असेल तर सीझरने लिहून ठेवलेल्या शब्दाचं काय करायचं? इतिहासातही या तिघांनी अशा याद्या काढल्या; इ.स.पू. 43 च्या डिसेंबरात सिसेरोचं शिर आणि हात रोमच्या भाषणाच्या व्यासपीठावर टांगले गेले, अँटनीच्या हुकमाने.

फिलिपीच्या लढाईतल्या पराभवानंतर ब्रूटसच्या प्रेताशी उभा राहून हाच अँटनी म्हणतो की बाकी सगळ्या कटवाल्यांनी सीझरबद्दलच्या मत्सरापोटी हात उचलला, एकट्या ब्रूटसने सर्वांच्या हिताच्या विचाराने. रोमनांमधला तो सर्वांत उमदा. मजकूर ज्याला आदर्श मानतो, त्यानेच 'सत्तेचा लोभ' हा आरोप खोडून काढलाय.

राहता राहिलं आपल्याकडच्या पक्षांतरांना ब्रूटसचं नाव देणं. इ.स.पू. 44 मध्ये ब्रूटस रोमचा प्रेटर, म्हणजे न्यायदान पाहणारा वरिष्ठ अधिकारी, होता, आणि ते पद त्याला सीझरच्या मर्जीने मिळालं होतं. काही वर्षांत कॉन्सल, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदावर, जाण्याची वाटही मोकळी होती. गप्प बसला असता तर सगळं आपसूक पदरात पडलं असतं. सत्ता ज्याच्या हातात होती त्याच्यापासून तो दूर गेला. सत्तेच्या दिशेने जाणाऱ्यांना त्याचं नाव लागू पडत नाही.