तंबोरा घुमतो म्हणून बास घुमत नाही

गणपती जवळ आले की सांगली-मिरजेतल्या वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला, म्हणून एकदाच सविस्तर उत्तर लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: बास गिटार हे बँडमधलं सगळ्यांत सोपं वाद्य, ज्याला गिटार जमत नाही त्यानं बास धरावा. घेताना अकूस्टिक बास घ्यावा, म्हणजे अ‍ॅम्पचा (आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा) खर्च वाचतो. मिरजेचा तंबोरा माइकशिवाय खोली भरून टाकतो, मग एवढ्या मोठ्या पोकळ बॉडीचा बास का नाही भरणार? चारऐवजी सरळ पाच तारांचा घ्यावा. तारा दर महिन्याला बदलाव्यात. आणि तार खरखरली तर नेक (वाद्याची लांब मान) वाकली समजून वाद्य दुकानात परत करावं.

यातला सगळ्यांत महागात पडणारा मुद्दा अकूस्टिक बासचा. त्यापासून सुरू करतो, कारण त्याची किंमत मोजलेला एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे.

सांगलीच्या विश्रामबागेत राहतो, कॉलेजला आहे. वर्षभर शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्यानं अकूस्टिक बास घेतला. बँड छोटा: दोन अकूस्टिक गिटार, एक कहोन (ज्यावर बसून हातांनी ठोके देतात ती लाकडी पेटी) आणि गाणारी एक मुलगी. पहिल्या तालमीला मला बोलावलं होतं. दहा बाय बाराची खोली, मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेला. कहोन सुरू झाला आणि बास नाहीसा झाला. बोटं चालताना दिसत होती, सूर मात्र कानापर्यंत येत नव्हता. कहोनवाल्याला थांबवलं तर थोडा आला, दोन्ही गिटार लागल्या की पुन्हा बुडाला. मग पोरगं जोर लावायला लागलं. तार फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आपटून टक-टक वाजायला लागली, तर्जनीला फोड आला. "दादा, माझं बोट कमी पडतंय का?" असं त्यानं विचारलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. बोटाचा काही दोष नव्हता.

बासची सगळ्यांत जाड ई तार मोकळी वाजवली की ती सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. गिटारची जाड ई 82 वेळा, म्हणजे बास तिच्याखाली पूर्ण एक सप्तक. 41 हर्ट्झची लहर हवेत सव्वाआठ मीटर लांब असते, त्या खोलीच्या दुपटीपेक्षा जास्त. एवढी लांब लहर उठवायला खूप हवा हलवावी लागते. अकूस्टिक बासची बॉडी गिटारपेक्षा थोडीच मोठी, तिची फळी ही हवा पुरेशी ढकलूच शकत नाही. त्यात आपला कानही इतक्या खालच्या सुरांना मंद असतो, मधल्या सुरांइतकं ऐकू यायला त्यांना कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणूनच उभा डबल बास माणसापेक्षा उंच असतो. मेक्सिकोच्या मारियाची बँडमधल्या गितारोनचं पोट केवढं फुगीर असतं, आणि तरीही वाजवणारा एकच सूर दोन तारांवर सप्तकाच्या अंतरानं एकदम छेडतो, म्हणजे वरचा सूर खालच्याला ऐकू यायला मदत करतो. त्याच गितारोनवरून सुचून अमेरिकेत 1972 मध्ये एर्नी बॉलनं अर्थवुड नावाचा अकूस्टिक बास काढला. आवाज यावा म्हणून त्याची बॉडी इतकी खोल ठेवावी लागली की मांडीवर धरणं कठीण. आज दुकानात मिळणारे अकूस्टिक बास त्याच्यापुढे सडपातळ आहेत.

आता तंबोऱ्याचं उदाहरण. आपल्या गावाचं नाव घेऊन दिलंय, म्हणून लोकांना ते पटकन पटतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. म्हणूनच तंबोरा कसा घुमतो ते नीट सांगायला हवं.

सतारमेकर गल्लीतल्या एका कारखान्यात मी अधूनमधून जाऊन बसतो. भिंतीशी पंढरपूरकडून आलेले भोपळे रचलेले असतात. तिथले चाचा जवारी काढतात, म्हणजे तार झणझणावी म्हणून घोडीचा माथा घासून घडवतात, तेव्हा बघावं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला तारेच्या दिशेनं अगदी बारीक उतार असतो. चाचा कानशीचा एक हलका हात मारतात, तार छेडतात, पुन्हा एक हात. मग तारेखाली सुताचा धागा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवतात. एका जागी येईपर्यंत तार मुकी असते, आणि त्या जागी आली की एकदम उघडते, एका तारेतून चार-पाच सूर ऐकू यायला लागतात. कंप पावताना तार घोडीच्या उताराला सारखी घासते, त्यातून वरचे सूर उठत राहतात. तेच खोली भरतात. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्यातला खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालचा सा, 69 हर्ट्झच्या आसपास असतो, बासच्या ई पेक्षा बराच वर, आणि खोलीत जे घुमतं त्यातला मोठा वाटा त्या 69 चा नसतोच, त्याच्या वरच्या स्वरांचा असतो. बासच्या ब्रिजवर, म्हणजे त्याच्या घोडीवर, तार एका धारेवर टेकते. तिथे जवारी नाही, असावी अशी कल्पनाही नाही.

शिवाय तंबोरा गायकाच्या मागे शांततेत वाजतो. त्याच्यासमोर कुणी कहोन बडवत नाही.

मग अकूस्टिक बासला पिकअप (तारेचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) असतोच ना, तो अ‍ॅम्पला लावू, असं कुणी म्हणेल. जरूर लावा. पण मग वाचले काय? उलट पिझो पिकअप, त्याच्या प्रीअ‍ॅम्पची नऊ व्होल्टची बॅटरी आणि पोकळ बॉडीमुळे स्टेजवर येणारा फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत वाद्यात शिरून होणारी घूं-घूं) एवढं जास्तीचं पदरात पडतं. टीव्हीवरच्या अनप्लग्ड मैफलींत अकूस्टिक बास छान ऐकू यायचा तो मिक्सरला केबल गेलेली असायची म्हणून. घरी रात्री एकट्यानं सराव करायला किंवा बोटांनी हळू वाजणाऱ्या एका गिटारच्या सोबतीला तो सुरेख वाद्य आहे, हे मी मनापासून मानतो. पैसे वाचवायचं साधन मात्र नाही.

अकूस्टिक बँडला लाकडी, गोल आवाज हवा असेल तर साधा इलेक्ट्रिक बास घ्या, नवा किंवा चांगला जुना. त्याला फ्लॅटवाउंड तारा चढवा, म्हणजे ज्यांच्यावर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते त्या. टोनचा नॉब अर्ध्याखाली आणा. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पातळ पट्टी सरकवा. उरलेल्या पैशांत बासचाच एक छोटा अ‍ॅम्प घ्या. गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये हळू आवाजात बास वाजवला तर काही होत नाही, पण आवाज चढवला की त्याचा स्पीकर खालच्या सुरांना मर्यादेबाहेर धावतो आणि फाटू शकतो. कार्यक्रमात डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या छोट्या पेटीतून) सरळ मिक्सरला द्या. विश्रामबागच्या मुलाला मी माझा जुना बास असाच करून दिला. पुढच्या तालमीत गाणारी मुलगी स्वतःहून म्हणाली, की आता सूर धरायला आधार मिळतोय.

तार खरखरते म्हणून वाद्य परत करायचा सल्ला मला दुसऱ्या नंबरचा घातक वाटतो, कारण चांगली वाद्यं त्यामुळे नाकारली जातात. लाकडी नेक हवामानाप्रमाणे थोडी हलतेच. कृष्णाकाठचा पावसाळा आणि आपला एप्रिल यांत केवढा फरक आहे! म्हणून तर नेकच्या आत ट्रस रॉड, म्हणजे तिचा बाक कमी-जास्त करायची लोखंडी सळई, असते. तपासायला काही लागत नाही. पहिल्या फ्रेटवर तार दाबून धरा, दुसऱ्या हातानं नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असेल तर नेक ठीक आहे. फटच नसेल तर रॉड सैल करायची, फार असेल तर आवळायची, एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सुरात लावून बघायचं. खरखर फक्त मोकळ्या तारेवर असेल तर नट (नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांत टेकतात ती पट्टी) बघा. एकाच फ्रेटवर असेल तर तो झिजलेला किंवा त्याच्या पुढचा फ्रेट उठलेला असतो. आणि नुसत्या कानाला येणारी खरखर अ‍ॅम्पमधून येत नसेल तर वाद्याला हातही लावू नका.

माझा बास मी एकदा चाचांना दाखवला होता. त्यांनी तो उचलून बंदूक रोखावी तसा डोळ्याशी धरला, एक डोळा मिटून नेकवरून नजर टाकली आणि म्हणाले, "पडदे सरळ हायत. तू लई जोरात वाजवतोस." मी हात हलका केला, खरखर गेली.

दर महिन्याला तारा बदला, हा मुद्दा सरळ चुकीचा आहे. बासचा सेट गिटारच्या सेटच्या कित्येक पट महाग असतो आणि गरज त्याच्या उलट. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांवर बास वाजवणारे जेम्स जॅमरसन जाड फ्लॅटवाउंड तारा वापरत आणि तुटल्याशिवाय बदलत नसत. त्यांच्या बासचा तो जुना, दबलेला आवाज आजही लोक शोधत फिरतात. राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या, तारांची चमक हवी असेल तर गोष्ट वेगळी. वेढ्यांत घाम आणि मळ बसला की ती जाते. रोज वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्यानं पुसा, टिकतील. पाण्यात उकळल्या की मळ निघून काही दिवस आवाज उजळतो, हेही खरं आहे, पण फार काळ नाही. नवी तार चढवताना एक जपा: जास्तीचं टोक आधी काटकोनात वाकवा, मगच कापा. न वाकवता कापली तर वरचा वेढा सुटू शकतो आणि अख्खी तार वाया जाते.

पाच तारांच्या बासशी माझं फारसं भांडण नाही. खालची बी तार 31 हर्ट्झच्या आसपास जाते, आणि आपल्याकडे मंडपात लागणारे बहुतेक स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाहीत. गायक दर गाण्याला पट्टी बदलत असेल तर पाचवी तार सोयीची पडते, हात त्याच जागी राहतो. शिकणाऱ्याला रुंद नेक आणि आवरायला एक जास्तीची तार नको.

राहिलं ते 'सगळ्यांत सोपं वाद्य'. हे वाक्य मला टोचतं. कॅरोल के या नावाजलेल्या स्टुडिओ गिटारवादक होत्या. 1963 मध्ये एका रेकॉर्डिंगला बासवाला आला नाही म्हणून त्यांनी बास हातात घेतला आणि पुढे आयुष्यभर बासच त्यांची ओळख झाला. गिटार जमत नाही म्हणून त्या तिकडे गेल्या नव्हत्या. पहिल्या आठवड्यात बासवर चार सूर निघतात, हे कबूल. पण जाड तारा वाजल्या की वाजतच राहतात, आणि शेजारची तार न छेडताही घुमायला लागते. ती सगळी घुमक उजव्या अंगठ्यानं, डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी दाबत राहावं लागतं. डग्ग्यावर मनगट टेकवून घुमक कधी सोडायची, कधी आवळायची हे तबलजी जसं वर्षानुवर्षं शिकतो, तसंच हे आहे. सूर कुठे संपतो यावर गाण्याची चाल ठरते. अर्धी मात्रा जास्त रेंगाळला तर कहोनचा पुढचा ठोका चिखलात पडल्यासारखा वाटतो.

त्या मुलाला मी एकच काम दिलंय. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर लावायचा, ए तारेवर पाचव्या फ्रेटचा डी वाजवायचा, आणि पुढचा ठोका पडताना तो पूर्ण बंद करायचा. एक ठोका वाजवायचा, एक ठोका शांत. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा तो आणि कहोनवाला दोघंच खोलीत बसले होते, अर्धा तास त्याच एका डीवर.