पगाराआधी घराचं विचारा
"दुबईत इन्कम टॅक्स नाही, म्हणजे पगार अख्खा हातात" हे परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्यांवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. माझी भाची तिथं इंग्रजी शिकवते, शाळेनं घर दिलेलं नाही. भाडं वर्षाच्या हिशोबानं, पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे. वर डिपॉझिट, एजंटचं कमिशन. आणि पहिला पगार अजून यायचाच! तेवढ्यासाठी तिच्या बाबांनी इथं नागपुरात एफडी मोडली. आता दुबईशेजारच्या शारजात राहते, भाडं कमी, पण रोजची ट्रॅफिक विचारू नका बाप्पा. दक्षिण कोरियाच्या ईपिक योजनेत (सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमणारी) घर किंवा घरभाडं भत्ता असतो, पण ती मुख्यतः अमेरिका-ब्रिटनसारख्या सात देशांच्या पासपोर्टवाल्यांसाठी. परदेशात शिकवायला पाठवण्याची तयारी करून घेणाऱ्या मनीषनगरातल्या क्लासवाल्यांनी हे मुलांना सांगितलं का कधी?